पिकअप नवी घेऊ की जुनी? आधी तिचा रोजचा दिवस मांडा

पत्राचा सारांश : लाकडी फर्निचरचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका वाचकाचं हे पत्र आहे. आजवर ते भाड्याच्या गाडीवर भागवत आले, आता स्वतःची डिझेल पिकअप घ्यायची आहे. ओळखीच्या मेकॅनिकने सहा वर्षं चाललेली, मीटरवर १,१०,००० किलोमीटर असलेली एक गाडी दाखवली आहे. ती नव्या गाडीच्या निम्म्या किमतीत मिळते. ती घेतली तर कर्ज लागत नाही, पण साठवणीतली जवळजवळ सगळी रक्कम जाते. नवी घेतली तर वीस टक्के रोख आणि उरलेल्याचं पाच वर्षांचं कर्ज. थोरले भाऊ म्हणतात, "दुसऱ्याचं दुखणं विकत घेऊ नकोस, नवीच घे." पत्नीला हप्त्याची धास्ती वाटते, कारण वर्षातले दोन-तीन महिने धंदा थंड असतो. गाडी बहुतेक दिवस पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या मारणार, महिन्यातून दोनदा लांबचा माल. जुन्या गाडीच्या मालकाने चार दिवसांची मुदत दिली आहे. काय करावं, असं ते विचारतात.

नमस्कार.

किंमत, हप्ता आणि व्याज यांवर तुम्ही पानभर लिहिलंय आणि गाडी रोज काय करणार हे एका ओळीत उरकलंय. मला उत्तर त्या ओळीत दिसतं. पाच-सहा किलोमीटर जायचं, इंजिन बंद करायचं, माल उतरवायचा, परत यायचं, पुन्हा बंद. आजच्या डिझेल गाडीला सगळ्यांत न मानवणारं काम कुठलं असेल तर ते हेच. म्हणून नवी की जुनी या प्रश्नाला हात घालण्याआधी तुमच्या कामाकडे बघू.

भाऊंच्या सल्ल्यामागे एक समजूत आहे की नवी गाडी घेतली म्हणजे पाच वर्षं बघायला नको. साध्या, जुन्या बनावटीच्या डिझेलबद्दल ती बऱ्यापैकी खरी होती. ऑइल बदला, फिल्टर बदला, गाडी चालत राहायची. आता धूर स्वच्छ करण्यासाठी इंजिनाभोवती बऱ्याच यंत्रणा असतात. ईजीआर व्हॉल्व्ह जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडतो, त्यामुळे आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे घातक ऑक्साइड कमी तयार होतात. पुढे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. बऱ्याच गाड्यांत त्याच्याही जोडीला युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा असते. त्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी शुद्ध पाणी, आणि त्याची टाकी वेगळी भरावी लागते. ती कोरडी पडली की बऱ्याच गाड्या आधी इशारा देतात आणि मग पुन्हा सुरूच होत नाहीत.

यातला डीपीएफ तुमच्यासाठी महत्त्वाचा. तो काजळी अडवतो, साठवतो आणि ठरावीक पातळी आली की जाळून टाकतो. जाळण्यासाठी त्याला सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावं लागतं. गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालली तर हे काम आपोआप होतं, चालकाला पत्ताही लागत नाही. पाच किलोमीटरच्या फेरीत मात्र इंजिन नीट गरम व्हायच्या आत बंद होतं. काजळी जाळायची प्रक्रिया सुरू होते आणि अर्ध्यावर तुटते. पुढच्या फेरीत पुन्हा सुरू, पुन्हा अर्ध्यावर. ही उष्णता मिळवण्यासाठी गाडी जादा डिझेल सोडते, आणि बऱ्याच इंजिनांत त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी ओढून पाहिली तर पातळी कमी होण्याऐवजी चक्क वाढलेली दिसते. हे ऑइल पातळ झालेलं असतं, आणि त्याच्यावर टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगचा जीव असतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला पातळ ऑइल चालत नाही.

हे सगळं नव्या गाडीतही होतं. नव्यात वॉरंटी असते हे खरं, पण वॉरंटी बनावटीतल्या दोषाची असते. चुकीचं ऑइल, भेसळीचं डिझेल किंवा सतत तुटक्या फेऱ्या यांमुळे तुंबलेला फिल्टर तिच्यात बसेल असं धरून चालू नका. सही करण्याआधी करारातला डीपीएफ, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) आणि टर्बोचा भाग शोधून वाचा, आणि विक्रेत्याला तुमच्या फेऱ्यांचं अंतर सांगून उत्तर लेखी मागा.

दुसरी गोष्ट, डिझेलच हवी हे तुम्ही कधी ठरवलंत? पत्रात त्याचं कारण कुठे सापडलं नाही. कदाचित "मालाची गाडी म्हणजे डिझेल" हे इतकं अंगवळणी पडलंय की तो प्रश्नच मनात आला नसेल. डिझेलची खरी ताकद दोन ठिकाणी दिसते : इंजिन सावकाश फिरत असतानाही मिळणारा जोर, म्हणजे भरलेली गाडी चढावर ओढणं, आणि लांबच्या रनिंगमध्ये मिळणारं अ‍ॅव्हरेज. तुमच्या मालाचं वजन कधी काढलंय का? आठ बाय चार फुटांची अठरा-एकोणीस मिलिमीटरची प्लायवूडची फळी साधारण तीस-पस्तीस किलो भरते. तीस फळ्या घेतल्या की टनभर वजन झालं, तिथे डिझेलचा जोर कामाला येतो. पण तयार कपाटं आणि खुर्च्या न्यायच्या असतील तर हौदा जागेने भरतो, वजनाने नाही. दोन्ही कामांचं प्रमाण काय, हे तुम्हालाच माहीत.

इंधनाचा हिशोब सोपा आहे. त्याच क्षमतेची पेट्रोल किंवा गॅसवरची गाडी जितकी स्वस्त पडते, त्या फरकाला डिझेलमुळे दर किलोमीटरमागे जेवढं वाचतं त्याने भागा. जो आकडा येईल तितके किलोमीटर गाडी चालली की डिझेलचा जादा पैसा वसूल. तुमच्या फेऱ्यांनी तिथे पोचायला सात-आठ वर्षं लागत असतील तर डिझेलचा हट्ट कशासाठी? ठरलेल्या छोट्या फेऱ्यांना विजेवरची मालगाडीही चांगली जमते, चार्जिंगची सोय कारखान्यात होत असेल तर. महिन्यातल्या दोन लांबच्या खेपांना भाड्याची गाडी घेता येते, तुम्हाला ती सवय आहेच.

म्हणून माझी पहिली विनंती. पुढचे दोन-तीन आठवडे भाड्याच्या गाडीची एक वही ठेवा. प्रत्येक फेरीचं अंतर, इंजिन किती वेळ चालू राहिलं, अंदाजे वजन, आणि ती फेरी दुसरीला जोडून करता आली असती का, एवढंच लिहा. हा शेवटचा रकाना सगळ्यांत उपयोगी ठरेल. फेऱ्या एकत्र करून आठवड्यातून दोनदा तरी गाडीला अर्धा तास सलग चालवता आलं तर डिझेल घेण्यावरचा माझा आक्षेप बराच मावळतो. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ही वही लिहावी असं मला मनापासून वाटतं, कारण शोरूममध्ये किंवा गॅरेजात उभं राहून आपण स्वतःच्या कामाबद्दल जे सांगतो ते बहुतेक वेळा आठवणीतल्या मोठ्या खेपांबद्दल असतं.

आता वही डिझेलच्या बाजूने गेली असं धरून पैशाकडे येऊ.

नव्या गाडीची किंमत १०० भाग धरा. २० रोख, ८० कर्ज. दहा टक्के व्याजाने पाच वर्षांत ८० फेडताना व्याजाचे सुमारे २२ भाग जातात. तुमच्याकडे सहा वर्षांच्या गाडीला ५० मागत आहेत, तर तुमची नवी गाडी पाच वर्षांनी ५५ ला जाईल असं समजू. म्हणजे ४५ घसरण आणि २२ व्याज, मिळून ६७. जुनी ५० ला घेतली आणि पाच वर्षांनी, ती अकरा वर्षांची झाल्यावर, २० ला विकली तर घसरण ३०. फरक ३७ भागांचा. साठवणीवर मिळणारं व्याज बुडेल ते यातून थोडं कमी करा, आणि विम्याचा फरक जुन्याच्या बाजूने थोडा वाढवा, कारण नव्या गाडीचा विमा जास्त बसतो. विक्रीचे आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या भागात पाच आणि अकरा वर्षांच्या तशाच गाड्या कितीला जातात ते विचारून त्या जागी घाला.

पाच वर्षांत जुन्या गाडीच्या दुरुस्तीला तुम्ही एवढे ३७ भाग खर्च केलेत, तरी फार तर नव्याच्या बरोबरीला याल. भाऊंशी बोलताना हा आकडा पुढे ठेवा. "दुसऱ्याचं दुखणं" ही भीती खरी आहे, पण ते दुखणं किती महागाचं असू शकतं याला एक कमाल मर्यादा घालता येते.

या हिशोबात एक खर्च अजून धरलेला नाही : गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचं काय? दूध, भाजी, मासळी किंवा औषधं नेणाऱ्याची गाडी सकाळी सुरू झाली नाही तर माल वाया जातो आणि गिऱ्हाईक तुटतं. अशा वाचकांना मी झेपत असेल तर नवी गाडी किंवा निदान वॉरंटी शिल्लक असलेली गाडी घ्या असंच सांगेन, वर काढलेला फरक त्यांच्यासाठी झटकन भरून निघतो. तुमचं तसं नाही. कपाट एक दिवस उशिरा पोचलं तर एक फोन करावा लागतो, आणि भाड्याची गाडी देणारे तुमच्या ओळखीचे आहेत. गाडी उभी राहण्याचा धोका तुम्ही पेलू शकता.

तुमच्या पत्नीची धास्ती मला या पत्रातली सगळ्यांत जाणती गोष्ट वाटली. तुम्ही हप्ता वर्षाच्या सरासरी कमाईशी ताडून पाहिलाय. तो थंड महिन्याच्या कमाईशी ताडा. घरखर्च, कामगारांचे पगार आणि लाकडाची उधारी देऊन त्या महिन्यात हप्ता निघत नसेल तर ती गाडी तुम्हाला झेपत नाही, मग ती कितीही चांगली असो. पण याच कारणाने जुन्या गाडीत सगळी साठवण ओतणंही मला पटत नाही. गाडी घेतल्यावर दुसऱ्या महिन्यात क्लच गेला आणि हातात काही नसलं तर तेव्हा मिळेल त्या व्याजाने पैसे उचलावे लागतील. त्यापेक्षा साठवणीतून दोन-तृतीयांश द्या आणि बाकीचं दोन वर्षांचं छोटं कर्ज काढा. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर सहसा जास्त पडतो, तरीही मुद्दल लहान आणि मुदत कमी असल्याने एकूण भार हलकाच राहतो. वाचलेल्या रकमेतून गाडीच्या किमतीच्या दहा ते पंधरा टक्के दुरुस्तीसाठी वेगळे काढा. घेतल्या घेतल्या सगळी ऑइलं, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेकचं द्रव बदलायचंच आहे, आणि टायमिंग बेल्टचं इंजिन असून बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तोही. हा बेल्ट तुटला की बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि सगळं इंजिन उघडावं लागतं.

आता ती विशिष्ट गाडी. तुमच्या मेकॅनिकवर अविश्वास दाखवायचा नाही, पण गाडी दाखवणारा आणि गाडी तपासणारा वेगळा असावा. या गाडीशी काही संबंध नसलेल्या, डिझेलचं काम करणाऱ्या फिटरला पैसे देऊन घेऊन जा. तो खर्च वाया जात नाही, भाव करताना उपयोगी पडतो.

गाडी सकाळी बघायला जा आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर आणि मग इंजिनाच्या ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागलं तर शांतपणे सांगा की उद्या येतो. हे एवढं महत्त्वाचं का, तर डिझेलमध्ये ठिणगीचा प्लग नसतो. हवा मूळ आकाराच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसतील तर दाब कमी पडतो, हवा पुरती तापत नाही, आणि थंड इंजिन हे लपवू शकत नाही. सेल्फ लांबतो, गाडी थरथरत उठते, पांढरा धूर येतो. थंड इंजिनाला सुरू होताना ऊब देणारे ग्लो प्लग गेले असले तरी थंडीत असंच होतं आणि ते काम स्वस्त असतं, म्हणून फिटर सोबत हवा. गरम इंजिन मात्र आतून बरंच झिजलेलं असलं तरी पहिल्या झटक्यात सुरू होतं.

सुरू झाल्यावर मागे जाऊन उभे राहा. पांढरा धूर मिनिटभरात विरला तर चिंता नको. विरलाच नाही आणि कूलंटची पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालच्या सीलची, शंका घ्या. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खाते. रेस दिल्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त : टर्बोचा पाइप फाटलेला, इंजेक्टर गळतोय, ईजीआर तुंबलाय, यांपैकी काहीतरी. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. ते जागेवर थोडं हललं तर ठीक. टणटण उडायला लागलं आणि खालून वाफेचे ठोके आले तर जळालेला वायू रिंगांतून खाली निसटतोय. मग सायलेन्सर गार असताना त्याच्या टोकात बोट फिरवा. डीपीएफ असलेल्या आणि तो धड असलेल्या गाडीच्या टोकाला आतून फारशी काजळी नसते. बोट काळंकुट्ट आलं तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी आतून पोकळ करून टाकलाय. पोकळ केलेली गाडी जोरात धावते आणि विकणारा ते कौतुकाने सांगतो. अशी गाडी बऱ्याच देशांत बेकायदा ठरते आणि धुराच्या तपासणीत अडकते, ती घेऊ नका.

सहा वर्षांच्या त्या गाडीत डीपीएफ मुळात आहे का, हे आधीच विचारून घ्या. नसेल तर तुटक्या फेऱ्या ती जास्त सहन करेल, पण तिचं पुढचं आयुष्य नियमांवर अवलंबून राहील. लंडनच्या मध्यभागात २०१९ पासून युरो ६ हे धुराचं मानक न पाळणाऱ्या डिझेल गाडीला रोजचा आकार द्यावा लागतो, आणि नंतर ते क्षेत्र वाढतच गेलं. ज्या शहरात माल पोचवायचा तिथे जुन्या डिझेलसाठी काय नियम आहेत, वयाची मर्यादा आहे का, हे न पाहता जुनी डिझेल घेणं धोक्याचं.

फिटरला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र, आणायला सांगा. मीटर मागे फिरवणं आजही होतं, पण बऱ्याच गाड्यांचा संगणक इंजिन किती तास चाललं याचीही नोंद ठेवतो, आणि मीटर फिरवणारे ती नेहमी बदलतातच असं नाही. किलोमीटरला तासांनी भागा. १,१०,००० किलोमीटर आणि २,७५० तास असतील तर सरासरी वेग ४०, म्हणजे गाडी बऱ्यापैकी मोकळ्या रस्त्यावर चाललेली. तेच तास ५,५०० निघाले तर सरासरी २० : इंजिन निम्मा वेळ रहदारीत किंवा जागेवर चालू राहिलंय, आणि मीटरवर दिसतं त्याच्या जवळपास दुप्पट झिजलंय असं समजून भाव करा. सरासरी नऊ-दहा किंवा सत्तर-ऐंशी अशी विचित्र आली तर दोन्हींपैकी एक आकडा खोटा असण्याची दाट शंका घ्या. प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल संगणकाला किती कमी-जास्त करावं लागतं, तो आकडाही स्कॅनरवर दिसतो. एखाद्याचा आकडा बाकीच्यांपासून फार दूर असेल तर तो इंजेक्टर जाण्याच्या वाटेवर आहे. सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, म्हणजे कॉमन रेलमध्ये, डिझेलचा दाब १,६०० बार आणि त्याच्याही वर जातो, तिथे पाण्याचा अंश किंवा बारीक कचरा चालत नाही. म्हणून इंधनाचा फिल्टर वेळेवर बदलल्याची बिलं मागा. एकदा चुकून पेट्रोल भरलं होतं का, हेही थेट विचारा. डिझेल पंपाला वंगणही पुरवतं आणि पेट्रोल ते धुऊन काढतं. स्कॅनरवर सगळे दोष कालच पुसलेले दिसले तर ती पण माहितीच आहे.

मग गाडीखाली जा. केबिनच्या मागे, वजन पेलणारे स्प्रिंगचे पाटे जिथे टांगलेले असतात तिथे चेसिसवर टॉर्च मारा. ताज्या रंगाचा तुकडा, वेल्डिंगची रेघ, बारीक तडा. हौद्याचा तळ मधून बसलाय का, पाटे सपाट झालेत का, कंपनीने दिले त्याहून जादा पाटा चढवलाय का. चढवला असेल तर ही गाडी क्षमतेपेक्षा जास्त वाहत आलीये, मग क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सलही तसेच दमलेले असणार. इंजिनाच्या दोषापेक्षा चेसिसचा दोष वाईट, कारण इंजिन बांधून मिळतं. तडा गेलेल्या चेसिसची गाडी फुकट मिळाली तरी नको.

ट्रायल रिकामी घेऊ नका. तुमच्याच प्लायवूडच्या वीस-पंचवीस फळ्या टाका आणि एखादा चढ शोधा. वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढला पण वेग चढला नाही तर क्लच घसरतोय. कागदपत्रांत जुनं कर्ज फिटल्याचा दाखला, विम्याचे दावे आणि आधीच्या मालकांची संख्या बघा. यावर जास्त सांगायला नको, हे तुमचा मेकॅनिकही सांगेल.

एवढं करून गाडी खरी उतरली तर मी ती घ्यायच्या बाजूने आहे. सेवेच्या नोंदी असलेली, एकाच हातातली, बरोबर वजन वाहिलेली सहा वर्षांची गाडी तुमच्या कामाला पुरेशी आहे आणि तुमची झोप उडवणार नाही. तास जास्त निघाले, बिलं नाहीत किंवा फिल्टर पोकळ असेल तर सोडून द्या आणि दोन-तीन वर्षांची गाडी शोधा. त्या वयात सुरुवातीची मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते, कधीकधी वॉरंटी शिल्लक असते आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते. होते का, हे कंपनीच्या सेवा केंद्रात चेसिस नंबर देऊन विचारा. ही वाट तुमच्या पत्रात नव्हतीच, आणि भाऊ व पत्नी दोघांनाही पटू शकेल अशी ती आहे.

नवी घ्यायचंच ठरलं तर ती खुशाल घ्या, त्यात काही कमीपणा किंवा चूक नाही. फक्त ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचंच भरा, कारण डीपीएफला कमी राखेचं ऑइल लागतं. काजळी जळून जाते, ऑइलमधली राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला तर त्याच दिवशी गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर काढा, उद्यावर टाकू नका. दमवून आणलेली गाडी मिनिटभर जागेवर चालू ठेवून मग बंद करा, टर्बो निवतो. आणि गाडी चालवायला दुसरा माणूस ठेवणार असाल तर हे तिन्ही त्याला समजावून सांगा, कारण गाडी त्याच्या हातात राहणार आहे.

राहिली चार दिवसांची मुदत. मालकाला आज फोन करून सांगा की उद्या किंवा परवा सकाळी थंड इंजिन बघायला येतो, सोबत फिटर आणि स्कॅनर असेल, आणि फळ्या टाकून ट्रायल घेईन. वही पूर्ण व्हायला आठवडे लागतील आणि ही मुदत त्याआधी संपेल. तपासणी चांगली झाली तर थोडा बयाणा देऊन मुदत वाढवून मागा, पावतीवर परतीची अट लिहून घ्या. तपासणीलाच तो नाही म्हणाला, तर चौथ्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी नकार कळवा आणि भाड्याच्या गाडीची पुढची खेप ठरवून टाका.